पगाराचं दुकान, उचलीचा बाजार

बीड जिल्ह्यात किराणा दुकानदाराची सुगी लक्ष्मीपूजनाला येत नाही, दसऱ्याच्या आगेमागे येते. साखर कारखान्यांच्या उचली, म्हणजे ऊसतोडीच्या मजुरीच्या आगाऊ रकमा, मुकादमांच्या हातात पडतात, मुकादम त्या टोळीत वाटतात आणि धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली माणसं मोंढ्यात उतरतात. घरची ज्वारी-बाजरी पुरणारी नसेल तर ती पोत्याने घ्यायची. तेलाचा डबा, मिरची, मीठ, चहापत्ती, गुळाची ढेप, कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, टाकायला ताडपत्री, लोहाराकडून नवे कोयते, पोरांना एकेक कपडा. पाच-सहा महिन्यांचा संसार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसेल एवढाच घ्यायचा असतो, कारण त्याच ट्रॉलीत माणसंही बसायची असतात. मग गाड्या ऊसतोडीला निघतात. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर, पार कर्नाटकापर्यंत. दिवाळीच्या पणत्या लागतात तेव्हा गावात म्हातारी माणसं आणि त्यांच्याजवळ ठेवलेली पोरं उरतात.

त्या आठ-पंधरा दिवसांत मोंढ्यात पाय ठेवायला जागा नसते. हंगाम सुरू झाला की तोच मोंढा ओसरतो. आडतीवर कापूस आणि सोयाबीन येत राहतं, हमाल-मापाड्यांना काम असतं, पण किरकोळ गिऱ्हाइकाचा जोर गेलेला असतो. तो पुन्हा येतो पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्यांचा हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी, लग्नसराईत. एखाद्या जिल्ह्याचा बाजार असा वर्षातून दोनदा श्वास घेत असेल, तर तिथे कोणत्या प्रकारचं दुकान टिकेल आणि कोणतं टिकणार नाही, हे जवळजवळ आधीच ठरून जातं.

महाराष्ट्रात दुकानांच्या साखळ्या झाल्या. एका छपराखाली धान्य, कापड, भांडी, औषधं, वह्या-पुस्तकं. एकच भाव, छापील पावती, आणि एका दुकानातून दुसरं, तिसरं, दहावं दुकान. त्यांतल्या काही तर गिऱ्हाइकांनी स्वतः काढल्या. मुंबईत कामगारांनी काढली, वारणेच्या काठी ऊस उत्पादकांनी काढली. बीडमध्ये असं काही झालं नाही. पंचवीस लाखांवर वस्तीच्या या जिल्ह्यात (२०११ च्या जनगणनेत २५,८५,०४९) इथल्या गिऱ्हाइकाने काढलेली, इथल्याच गावांत पसरलेली, नाव घ्यावं अशी दुकानसाखळी उभी राहिली नाही. इथली माणसं अडाणी होती किंवा त्यांना सहकार जमत नाही, अशी उत्तरं या प्रश्नाला सर्रास दिली जातात. ती खोटी आहेत. ती खोटी का, हे कळण्यासाठी आधी मुंबईतल्या नायगावला जायला हवं.

*

सन १९४८. नायगाव, परळ, लालबाग, शिवडी हा सगळा गिरण्यांचा आणि चाळींचा पट्टा. बीडीडी चाळींच्या एकेका खोलीत कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांचे बिऱ्हाडवजा गाळे. घर गावाकडे, पोट मुंबईत. युद्धकाळात, मे १९४३ पासून, मुंबईत रेशनिंग सुरू झालं होतं. धान्य, साखर, रॉकेल, कापड सगळं नियंत्रणाखाली. स्वातंत्र्यानंतर, महात्मा गांधींच्या आग्रहाने, डिसेंबर १९४७ पासून नियंत्रणं उठवायला सुरुवात झाली. साठेबाजांनी संधी साधली आणि भाव भडकले. काही महिन्यांत, १९४८ च्या उत्तरार्धात, सरकारला कापडावर आणि धान्यावर पुन्हा नियंत्रण आणावं लागलं. मधल्या काळात ज्याच्या हातात पैसा मोजकाच होता त्याचे हाल कोणी विचारू नयेत.

याच वर्षी नायगावच्या गिरणी कामगारांनी एकत्र येऊन स्वतःचं दुकान काढलं. शिधा विकणारं एक साधं दुकान. पुढे त्याची ‘मुंबई कामगार मध्यवर्ती ग्राहक सहकारी संस्था’ झाली आणि सगळ्या मुंबईला ती ‘अपना बाजार’ या नावाने माहीत झाली. मार्च १९४८ मध्ये नाशिकच्या अधिवेशनात समाजवादी काँग्रेसमधून बाहेर पडले होते. कामगार वस्तीत आता करायचं काय, हा प्रश्न त्या कार्यकर्त्यांपुढे रोकडा उभा होता. संप, मोर्चा, सभा हे होतंच. पण संप मिटल्यावर हातात पडलेला वाढीव पगार वाण्याच्या वहीत जाणार असेल तर लढ्याचा उपयोग काय, हे ज्यांना उमगलं त्यांनी दुकान काढलं. राष्ट्र सेवा दलात घडलेली माणसं तराजूमागे उभी राहिली. दादासाहेब सरफरे, गजानन खातू ही नावं या संस्थेच्या वाटचालीशी जोडलेली आहेत. चळवळीतला माणूस डाळीच्या भावाचा हिशेब ठेवतो आणि त्यात कमीपणा मानत नाही, याचं मला फार मोल वाटतं. भाषण करणारे पुष्कळ मिळतात. महिनोन्‌महिने तांदळाचा नमुना तपासणारा कार्यकर्ता विरळा.

यामागे एक जुना धागाही आहे. २१ डिसेंबर १८४४ रोजी इंग्लंडमधल्या रॉचडेल गावी २८ जणांच्या संस्थेने, ज्यांत बरेच विणकर होते, एक दुकान उघडलं. विकायला लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या. त्यांचे नियम साधे होते. भेसळ नाही, माप चोख, प्रत्येक सभासदाला एक मत, आणि वर्षाचा नफा ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात परत. शिवाय उधारी नाही. हा शेवटचा नियम पुढच्या सगळ्या गोष्टीचा कणा आहे. सहकारी दुकान घाऊक बाजारातून रोखीने माल आणतं, म्हणून स्वस्त आणतं. त्याने उधार दिलं की भांडवल वहीत अडकतं, मग त्यालाही उधारीवर माल घ्यावा लागतो, आणि स्वस्ताई संपते. वाणी उधारीवर जगतो कारण तो उधारीचं व्याज भावात घालतो. सहकारी दुकानाला तसं करायचं नसतं, म्हणून त्याला रोख गिऱ्हाईक लागतं.

नायगावच्या कामगाराकडे रोख होती, आणि तीही ठरलेल्या तारखेला. १९४७ मध्ये औद्योगिक न्यायालयाने मुंबईच्या गिरण्यांतल्या पगारांचं प्रमाणीकरण केलं. किमान मूळ पगार महिना ३० रुपये, आणि त्यावर जीवनमानाच्या निर्देशांकाशी जोडलेला महागाई भत्ता. रक्कम मोठी नव्हती. पण ती कधी येणार आणि किती येणार, हे घरातल्या बाईला ठाऊक होतं. मागच्या महिन्याची वाण्याची वही एकदा कशीबशी मिटवली की पुढच्या महिन्यापासून रोखीने घेता येत होतं. अपना बाजारचा पाया कामगारांच्या एकजुटीवर घातला गेला असं आपण म्हणतो, आणि ते खरंच आहे. पण त्या एकजुटीखाली गिरणीच्या पगाराची तारीख होती.

*

साठच्या दशकाच्या अखेरीस या संस्थेने नायगावमध्ये बहुविभागी दुकान उघडलं आणि मग उपनगरांत शाखा निघत गेल्या. त्याआधी मुंबईत असली मोठी दुकानं नव्हती असं नाही. गोऱ्या साहेबांसाठी फोर्टात व्हाइटवे लेडलॉ, आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स होती. स्वदेशीच्या चळवळीत, १९०५-०६ च्या सुमारास, लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने बॉम्बे स्वदेशी को-ऑपरेटिव्ह स्टोअर्स निघालं. अकबरअलीज होतं. पण परळच्या चाळीतली बाई त्या दुकानांत शिरत नव्हती. अपना बाजारात ती शिरली, मांडणीवरची वस्तू हातात घेऊन पाहिली, भाव वाचला, नको असेल तर परत ठेवली. या साध्या गोष्टीत किती मोठा बदल होता हे आज सांगूनही पटणार नाही. तोपर्यंत गिऱ्हाईक गल्ल्याच्या अलीकडे आणि माल पलीकडे असे. भाव विचारायचा, आणि सांगितला जाईल तो माणूस बघून सांगितला जाईल, ही रीत.

सरकारनेही या वाटेवर बरीच पावलं टाकली. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर महागाईच्या भीतीने केंद्र सरकारने ग्राहक सहकारी भांडारांची देशव्यापी योजना आणली. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि जुलैमध्ये दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमध्ये सुपर बझार उघडलं. मुंबईत १९६८ मध्ये सहकारी भांडार निघालं. पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली आणि पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत आली, जिने दुकानच न काढता शेजारच्या घरांचे संघ करून महिन्याचं सामान एकत्र आणायची पद्धत घालून दिली. संघातल्या कुटुंबांनी आगाऊ यादी द्यायची, आगाऊ पैसे भरायचे, माल आला की आपापसांत वाटून घ्यायचा. हीही पगारदार घरांचीच व्यवस्था होती. महिन्याची यादी महिन्याचा पगार असलेलाच करू शकतो.

१९७२ हे वर्ष इथे थांबून पाहावं असं आहे. त्या वर्षी मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी महिलांनी महागाईविरोधात हजारो बायकांना रस्त्यावर आणलं. थाळ्यांवर लाटणी वाजू लागली. तेल, साखर, रवा वेळेवर आणि रास्त भावात मिळावा ही मागणी. त्याच वर्षी बीड जिल्ह्यात पाऊस नव्हता. इथल्या बायका दुष्काळी कामांवर खडी फोडत होत्या, पाझर तलावाची माती वाहत होत्या. खायला अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी आणि पोरांना सुकडी. एकाच राज्यातल्या दोन बायका एकाच वर्षी अन्नासाठी उभ्या होत्या. एकीकडे हातात मोजका पगार होता आणि दुकानात माल नव्हता. दुसरीकडे दुकान असून नसल्यासारखं होतं, कारण हातात काही नव्हतं. पहिलीचा प्रश्न ग्राहक सहकाराने सुटू शकत होता. दुसरीसाठी आधी रोजगार हमी यावी लागली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली ती योजना त्या दुष्काळातच राज्यभर रुजली, आणि मराठवाड्यातल्या कित्येक घरांत नियमित मजुरी म्हणून आलेला पहिला पैसा तो होता.

*

आता बीडमध्ये असं दुकान का उभं राहिलं नाही, या प्रश्नाकडे.

नायगावात दुकान उघडलं तेव्हा बीड भारतात नव्हतं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा निजामाचा जिल्हा होता. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात इथल्या गावांना रझाकारांची दहशत होती, आणि इथले तरुण तुरुंगात किंवा सरहद्दीवरच्या कॅम्पांत होते. अंबाजोगाई, तेव्हाचं मोमिनाबाद, ही निजामाच्या फौजेची छावणी. तिथल्या योगेश्वरी विद्यालयात स्वामी रामानंद तीर्थांनी शिकवलं आणि स्वातंत्र्याची माणसं घडवली. बाजार मात्र निजामाच्या हाली रुपयाचा, सावकारीचा आणि मोंढ्याचा. राजधानी हैदराबादमध्ये मोठमोठी दुकानं होती. सहाव्या निजामाचा खासगी सेवक आल्बर्ट आबिद याच्या दुकानावरून तिथल्या सर्वांत गजबजलेल्या पेठेला आजही आबिड्स म्हणतात. पण ती उमरावांची दुकानं. मुंबई इलाख्यात १९०४ च्या कायद्यापासून सहकाराचं बियाणं पेरलं गेलं, १९२५ मध्ये इलाख्याने स्वतःचा सहकार कायदा केला, प्रवरेला विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी कारखाना उभा केला. ती सगळी मशागत मराठवाड्याच्या वाट्याला पूर्णपणे आली नाही. मराठवाडा १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला तेव्हा पश्चिमेकडे सहकाराची दुसरी पिढी कामाला लागली होती.

आणि तरी विचाराची कमतरता होती असं म्हणता येत नाही. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत बीडने रामचंद्र गोविंद परांजपे यांना निवडून दिलं, कम्युनिस्टांच्या पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटकडून. १९६७ मध्ये याच मतदारसंघाने क्रांतिसिंह नाना पाटील यांना, कम्युनिस्ट पक्षाचे म्हणून, लोकसभेत पाठवलं. साताऱ्याच्या माणसाला बीडने आपलं मानलं. त्याच वर्षी मराठवाड्यातून बापू काळदाते विधानसभेत गेले, समाजवादी आणि सेवा दलाचे. १९७७ मध्ये गंगाधरअप्पा बुरांडे, मार्क्सवादी. अंबाजोगाईत द्वारकादास लोहियांनी १९८२ मध्ये मानवलोक ही संस्था काढली. म्हणजे नायगावात ज्या विचाराच्या माणसांनी दुकान काढलं, त्या विचाराची माणसं बीडमध्येही होती, आणि लोकांनी त्यांना मतंही दिली. पण ती माणसं पाण्यामागे, जमिनीमागे, दुष्काळामागे, मजुरीमागे लागली. लागणारच होती. ज्याच्या हातात महिन्याचा पैसा नाही त्याच्यासाठी रोखीचं दुकान काढून काय होणार?

दळणवळणाचंही कारण आहे, ते थोडक्यात सांगतो. परळीकडचा पट्टा सोडला तर कित्येक दशकं जिल्ह्याला रेल्वे नव्हती. बीड शहरात पहिली प्रवासी गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनी. तोवर इथला बहुतेक माल ट्रकने आला आणि त्याचं भाडं भावात बसलं.

मग इथे दुकानाची जागा कोणी घेतली? आठवडी बाजाराने. नेकनूर आणि हिरापूरचे जनावरांचे बाजार तर जिल्ह्याबाहेरही प्रसिद्ध आहेत. बैल विकला की त्याच पैशात तिथेच घरचा बाजार करायचा, ही पद्धत. आणि उरलेल्या दिवसांत गावच्या दुकानदाराच्या वहीने. ही वही नुसती शोषणाची होती असं लिहायला मी तयार नाही. दुष्काळात रोजगार हमीचा पगार महिनामहिना थकला तेव्हा गावातल्या चुली त्या वहीवर पेटल्या. कापूस एकाधिकार खरेदीच्या काळात, सत्तरीपासून पुढची तीस वर्षं, शेतकऱ्याने कापूस केंद्रावर घालायचा आणि पैशाची वाट बघायची. ते पैसे येईपर्यंत तेल-मीठ कोणी दिलं? त्याच दुकानदाराने. त्याने भाव चढा लावला, मापात हात मारला, हेही खरं. पण त्याने धोका घेतला, जो धोका सहकारी भांडाराच्या पोटनियमात बसतच नव्हता. बीडचा गरीब माणूस वाण्याकडे गेला कारण त्याच्या पैशाच्या वेळापत्रकाशी जुळवून घेणारा तो एकटाच होता.

*

या सगळ्यात मला सर्वांत जास्त टोचते ती गोष्ट वारणेची. टोचते असं म्हणतो, पण वारणेचं काम मोठं आहे आणि त्याबद्दल मनात आदरच आहे. कोल्हापूर जिल्ह्यात वारणा नदीच्या काठी तात्यासाहेब कोरे यांनी पन्नाशीच्या दशकात साखर कारखाना उभा केला. कारखान्यामागून बँक आली, दूध संघ आला, शाळा-महाविद्यालयं आली, मुलांचा वाद्यवृंद आला. सत्तरीच्या दशकात वारणा बझार आला. मुंबईच्या तोडीचं बहुविभागी दुकान, तेही खेड्यात. मग कोल्हापूर-सांगलीकडच्या गावांत त्याच्या शाखा निघाल्या. ग्रामीण भागात गिऱ्हाइकांच्या मालकीची दुकानसाखळी चालू शकते हे वारणेने सिद्ध केलं, आणि देशभरातून लोक ते बघायला आले.

चालली कशामुळे? उसाचं बिल बँकेच्या खात्यात जमा होत होतं. पण उसाचं बिलही वर्षातून दोन-तीन हप्त्यांतच येतं. खरा आधार दुधाचा. दुधाचं बिल तिकडे दर दहा दिवसांनी निघतं. गिरणी कामगाराला जी पगाराची तारीख होती ती वारणेच्या शेतकऱ्याला दुधाने दिली, आणि ज्या बाईने म्हैस सांभाळली तिच्या हातात काही ना काही रोख नेमाने येऊ लागली. मग रोखीचं दुकान चाललं.

या पट्ट्यातला ऊस तोडला कोणी? वारणा, कृष्णा, पंचगंगा या खोऱ्यांतल्या कारखान्यांच्या गव्हाणीत पडलेल्या उसाचा मोठा वाटा मराठवाड्यातल्या टोळ्यांनी तोडला, आणि त्यांत बीडचा कोयता सगळ्यांत पुढे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. पहाटे, पुष्कळदा रात्रीच, फडात उतरायचं, तोडायचं, साळायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. एक कोयता दिवसाला साधारण दीड-दोन टन तोडतो. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादाने तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ दिली, आणि दर टनाला ३६६ रुपयांच्या आसपास गेला. म्हणजे दोन माणसांच्या दिवसभराच्या कामाचे साधारण साडेपाचशे ते सव्वासातशे रुपये. तेही हातात नाहीत. ते उचलीतून वळते होतात. हातात येते ती खर्ची, म्हणजे किरकोळ खर्चापुरती रक्कम, आणि उसाचे वाढे विकून मिळालेले चार पैसे.

कोपीवर धान्य संपलं की जवळच्या गावातल्या दुकानात जायचं. परका मुलूख, परका दुकानदार; तो मुकादमाच्या शब्दावर उधार देतो आणि त्याचा हिशेब हंगामाच्या शेवटी मुकादमाच्या हिशेबात मिसळतो. त्याच शिवारात, काही मैलांवर, सभासदांना चोख मापाने आणि रास्त भावाने माल देणारं सहकारी दुकान उभं असू शकतं. फडातल्या माणसाला तिथे जायची बंदी नाही. पण तो सभासद नाही, त्याच्याकडे रोख नाही आणि तिथे उधार नाही. एका साखर पट्ट्याची भरभराट दुकानाच्या रूपाने लोकांच्या दारात आली, आणि ज्यांच्या पाठीवरून ती आली त्यांना दिवाळीचा बाजार दुसऱ्याच्या वहीत करावा लागला. सहकाराच्या इतिहासात ही उणीव नोंदवली जायला हवी.

*

पुढची गोष्ट सर्वांना माहीत आहे, म्हणून आटोपती घेतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यांतले असंख्य पुन्हा आत गेले नाहीत. नायगाव-परळच्या पगाराची तारीखच पुसली गेली. अपना बाजार त्यानंतरही चाललं, उपनगरांत गेलं, पण ज्या पायावर ते उभं होतं तो खचला. १९९९ मध्ये नेरूळला अपना बाजारची एक शाखा राधाकिशन दमाणी नावाच्या गुंतवणूकदाराने चालवायला घेतली. त्यातून तो जे शिकला ते घेऊन त्याने २००२ मध्ये पवईत स्वतःचं दुकान काढलं, डी-मार्ट. जागा शक्यतो स्वतःच्या मालकीची, पुरवठादाराला पैसे लवकर, त्याबदल्यात माल स्वस्त, आणि तो स्वस्तपणा गिऱ्हाइकापर्यंत. रोखीने घ्या, स्वस्त विका, हे कामगारांनी १९४८ मध्ये पाळलेलं सूत्र त्याने नेटाने पाळलं. फरक एवढाच की नफा गिऱ्हाइकाकडे परत जात नाही. मार्च २०२५ पर्यंत त्या साखळीची दुकानं चारशेच्या वर गेली होती. सहकारी भांडारही दरम्यान रिलायन्सच्या व्यवस्थापनाखाली गेलं. दिल्लीचं सुपर बझार तर बंदच पडलं.

बीड, परळी, अंबाजोगाईतही आता मार्ट, बझार, मॉल अशा पाट्या आहेत. शिक्षक, पोलीस, बँकवाले, परळीच्या वीज केंद्रातले कर्मचारी, म्हणजे ज्यांना महिन्याला पगार आहे ते तिथे जातात, आणि जावं. त्यांच्यावर रोष नाही. पण पगाराबाहेरच्या बीडला या दुकानांचा उपयोग किती, हे तिथल्या गर्दीवरून ओळखता येतं. दुसरीकडे सहकारावरचा विश्वास ढासळला आहे. जिल्हा बँक गैरव्यवहारांमुळे खिळखिळी झाली, आणि गेल्या काही वर्षांत मल्टीस्टेट पतसंस्थांनी ठेवीदारांचे पैसे बुडवले. पोरीच्या लग्नासाठी, आईच्या दवाखान्यासाठी ठेवलेले पैसे. अशा जिल्ह्यात ‘चला, सहकारी दुकान काढू’ असं म्हणायला धाडस लागेल, आणि म्हणणाऱ्याकडे लोकांनी संशयाने पाहिलं तर त्यात लोकांची चूक नाही.

म्हणून बीडमध्ये नवी संस्था काढा असं मी सांगत नाही. सांगायचं आहे ते पश्चिमेकडच्या संस्थांना. २०२२ च्या दिवाळीत सरकारने रेशनकार्डावर आनंदाचा शिधा दिला. १०० रुपयांत एक किलो रवा, एक किलो चणाडाळ, एक किलो साखर, एक लिटर पामतेल. जे सरकारला जमलं ते आपल्या शिवारात आलेल्या मजुरांसाठी साखर पट्ट्यातल्या बझारांना, ग्राहक भांडारांना, शेतकरी संघांना जमू नये? तोडणीचं बिल कारखाना पंधरवड्याला काढतो. त्यातला एक ठरलेला भाग कोयत्यातल्या बाईच्या खात्यात थेट जमा करा, आणि त्या खात्यावर आपल्या दुकानात सभासदांच्या भावाने माल द्या. कोप्यांच्या तळापर्यंत आठवड्यातून एकदा गाडी पाठवा. मुकादमाच्या शब्दाची गरज उरणार नाही, आणि दुकानाला उधारीही लागणार नाही. कायद्याची अडचण नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २४ मध्ये नाममात्र सभासदाची तरतूद आहे. त्याला मत नसतं, नफ्यात वाटा नसतो, पण त्याला दुकानाशी व्यवहार करण्याचा दर्जा मिळतो. एवढ्यावरच थांबावं असं नाही, पण सुरुवात एवढ्याने होऊ शकते.

हा अंक वाचणाऱ्यांत कोल्हापूर, सांगली, सातारा, अहिल्यानगर भागातल्या सहकारी बझारांचे आणि कारखान्यांचे सभासद असतील. त्यांना विनंती आहे की पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा ठराव मांडावा. कायद्याने ती सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. बीडच्या गाड्या तुमच्या शिवारात पोचतात त्या त्यानंतरच.